रास्पबेरी पायसाठी बूट होणारं एसडी कार्ड कसं बनवायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या शाळेत सहा रास्पबेरी पाय ४ बोर्ड, म्हणजे तळहाताएवढे छोटे कॉम्प्युटर, आले तेव्हा ते चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि पहिले दोन दिवस स्क्रीनवर काहीच येईना. लाल दिवा लागायचा, बाकी अंधार. बोर्डच खराब आलेत असं समजून आम्ही ते परत पाठवायची तयारी सुद्धा केली होती. बोर्ड ठणठणीत होते, चूक कार्डात होती. डाउनलोड केलेली इमेज फाईल मी पेनड्राईव्हवर गाणी टाकतात तशी कार्डावर कॉपी-पेस्ट करून ठेवली होती, आणि हे असं चालत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी बरीच कार्डं बनवली, शाळेसाठी, मित्रांसाठी, स्वतःसाठी, आणि नवीन माणूस दरवेळी त्याच चार-पाच जागी अडकतो हे दिसलं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी पाय ४ धरून लिहिलंय पण पाय ३, पाय ५, झिरो २ डब्ल्यू यांना सुद्धा जवळपास हेच लागू होतं, जिथे फरक आहे तिथे सांगेन. ऑरेंज पाय वगैरे दुसऱ्या बोर्डांसाठी शेवटच्या बाजूला वेगळा भाग आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्या पीसीत हार्ड डिस्क असते, पायमध्ये ती नसते, कार्ड हीच त्याची डिस्क. पाय ४ ला करंट मिळाला की बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधला बूटलोडर, म्हणजे सिस्टीम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम, जागा होतो आणि कार्डावरचा पहिला भाग शोधतो. हा भाग फॅट फॉरमॅटचा असतो, त्यात फर्मवेअर, कॉन्फिग फाईल आणि लिनक्सचा कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा असतो. कर्नल चालू झाला की तो दुसरा भाग उघडतो, तो ईएक्सटी ४ फॉरमॅटचा असतो आणि खरी ऑपरेटिंग सिस्टीम तिथे असते. म्हणजे एका कार्डावर दोन पार्टिशन, ठराविक क्रमाने, ठराविक फॉरमॅटमध्ये. इमेज फाईल म्हणजे या अख्ख्या मांडणीचा जसाच्या तसा साचा, आणि तो साचा कार्डावर पहिल्या बाइटपासून उतरवावा लागतो. यालाच फ्लॅश करणं म्हणतात. नुसती फाईल कॉपी केली तर बोर्डाला दिसतं एक कार्ड ज्यावर कुठलीतरी मोठी फाईल पडलीय, बूट करण्यासारखं काही नाही.

## १. सामान गोळा करा

- मायक्रो एसडी कार्ड, ३२ जीबी पुरतं. ओएसच्या लाइट व्हर्जनला (ते काय ते तिसऱ्या पायरीत) ८ जीबी पण चालतं पण आता तेवढी छोटी कार्डं घेण्यात अर्थ नाही.
- यूएसबी कार्ड रीडर, किंवा लॅपटॉपला स्लॉट असेल तर मायक्रो एसडीचा अडॅप्टर.
- विंडोज, मॅक किंवा लिनक्स असलेला कुठलाही कॉम्प्युटर आणि इंटरनेट.
- बोर्डाचा योग्य चार्जर. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर टाइप-सी, पाय ३ ला ५ व्होल्ट अडीच अँपिअर मायक्रो यूएसबी, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअर.
- स्क्रीन लावणार असाल तर केबल. पाय ४ आणि ५ ला मायक्रो एचडीएमआय लागते, झिरोला मिनी एचडीएमआय. या दोन्ही वेगळ्या आहेत, नावाकडे नीट बघून घ्या.
- कीबोर्ड माउस, किंवा ते नको असेल तर घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड अचूक लिहिलेला कागद.

रीडर, केबल वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत हातात धरून बघून घेता येतं, ते मला ऑनलाइनपेक्षा बरं वाटतं.

## २. कार्ड निवडताना हात आखडता घेऊ नका

कार्डावर इतकी चिन्हं छापलेली असतात की डोकं गरगरतं. आपल्या कामाचं चिन्ह एकच, ए१ किंवा ए२. क्लास १०, यू३, व्ही३० हे सगळं सलग लिहिण्याच्या वेगाचं आहे, म्हणजे कॅमेऱ्यातला व्हिडिओ लिहायला किती वेग मिळेल ते. ऑपरेटिंग सिस्टीम तसं सलग लिहीत नाही, ती इकडचा छोटा तुकडा वाचते तिकडचा छोटा तुकडा लिहिते, दिवसभर. ए१ म्हणजे असे छोटे तुकडे सेकंदाला कमीत कमी १५०० वेळा वाचता आणि ५०० वेळा लिहिता येतात. ए२ मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत पण तेवढा वेग मिळायला समोरच्या मशीनने पण त्याला साथ द्यावी लागते, म्हणून ए२ साठी मुद्दाम जास्त पैसे घालायची गरज नाही. चांगल्या कंपनीचं ए१ कार्ड घ्या आणि पुढे चला.

आता नकली कार्डांबद्दल. मी एकदा स्वस्त मिळतंय म्हणून १२८ जीबीची दोन कार्डं मागवली. फ्लॅश झाली, बूट झाली, आठवडाभर छान चालली, आणि मग एके दिवशी मुलांनी सेव्ह केलेल्या फाईली उघडेनात. ती कार्डं आतून फक्त ८ जीबीची होती, बाहेर १२८ छापलेलं आणि कॉम्प्युटरला पण १२८ च सांगत होती. आठ जीबीच्या पुढे जे लिहाल ते हवेत. मुलांचं काम गेलं ते गेलंच. म्हणून नवीन कार्ड आलं की वापरायच्या आधी तपासा: विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर एफ३. दोन्ही अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतात. तास-दीड तास जातो, जाऊ द्या.

आणि हो, ३२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये २९.८ किंवा त्याच्या आसपास दिसलं तर ते नकली नाही. कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढाच फरक आहे.

## ३. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम

पहिल्यांदा करत असाल तर रास्पबेरी पाय ओएसच टाका. उबुंटू, मीडिया सेंटर, गेमचे सेटअप हे सगळं नंतर. ती तीन प्रकारात येते: डेस्कटॉप, डेस्कटॉप आणि सोबत भरपूर सॉफ्टवेअर, आणि लाइट. लाइटमध्ये माउसने चालवायचं काही नसतं, फक्त काळी स्क्रीन आणि कमांड, ती सर्व्हरसारख्या कामासाठी. शाळेत आम्ही डेस्कटॉप टाकली.

३२ बिट की ६४ बिट? पाय ३, ४, ५ आणि झिरो २ डब्ल्यू वर ६४ बिट चालतं. पहिला पाय आणि जुना झिरो किंवा झिरो डब्ल्यू असेल तर फक्त ३२ बिट, त्यावर ६४ बिट टाकलं तर ते कधीच चालू होणार नाही.

एक चूक खूप जण करतात, म्हणजे पीसीत टाकायची उबुंटूची आयएसओ फाईल उतरवून तीच कार्डावर मारतात. ती इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरसाठी असते, पायचा प्रोसेसर एआरएम आहे, त्याला ती भाषाच कळत नाही. फाईलच्या नावात एएमडी ६४ दिसलं तर ती आपली नाही.

## ४. इमेजर उतरवा आणि कार्ड लावा

रास्पबेरी पायवाल्यांचं स्वतःचं इमेजर नावाचं सॉफ्टवेअर आहे, २०२० पासून. त्याआधी नूब्स म्हणून एक पद्धत होती, जुन्या व्हिडिओत अजून दिसते, तिच्या नादी लागू नका. इमेजर त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या.

कार्ड रीडरमध्ये घालून लावा. अडॅप्टर वापरत असाल तर त्याच्या डाव्या कडेला एक बारीक सरकणारं बटण असतं, ते लॉककडे सरकलेलं असलं की कार्डावर लिहिता येत नाही आणि एरर येते. घालताना ते कधीकधी आपोआप खाली सरकतं, मी यात एकदा अर्धा तास घालवलाय.

इमेजरमध्ये तीन गोष्टी निवडायच्या असतात: तुमचा बोर्ड कुठला, ओएस कुठली, आणि कुठल्या कार्डावर लिहायचं. व्हर्जननुसार बटणांच्या जागा थोड्या बदलतात पण क्रम हाच. आधी बोर्ड निवडला की त्याला न चालणाऱ्या ओएस यादीतून आपोआप गाळल्या जातात, म्हणजे वरचा ३२-६४ चा घोळ इथेच मिटतो. इमेज आधीच उतरवून ठेवली असेल तर यादीत सगळ्यात खाली स्वतःची फाईल निवडायचा पर्याय आहे. फाईल एक्सझेड मध्ये दाबलेली असली तरी तशीच द्या, इमेजर ती स्वतः उघडतो. डेस्कटॉपची फाईल एक जीबीच्या वर जाते, त्यामुळे मोबाईलच्या डेटावर सहा वेळा उतरवण्यापेक्षा एकदा उतरवून ठेवलेली परवडते.

## ५. ड्राईव्ह निवडताना डोळ्यात तेल घालून बघा

या पायरीवर थांबा. मी मनापासून सांगतोय, इथे घाई करू नका. जो ड्राईव्ह निवडाल त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे आणि ते परत येत नाही.

माझ्या एका मित्राने रात्री उशिरा, कंटाळलेला असताना, यादीतली पहिली एंट्री निवडली आणि पुढे पुढे दाबत गेला. ती त्याची बाहेरून लावलेली हार्ड डिस्क होती, मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते. नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरून थोडे मिळाले, बरेचसे नाही. तेव्हापासून मी हे असं करतो आणि तुम्ही पण करा: कार्ड सोडून बाकी सगळे पेनड्राईव्ह, हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवायच्या, मगच इमेजर उघडायचा. कार्ड न लावता यादी एकदा बघायची. मग कार्ड लावायचं आणि यादीत नवीन काय आलं ते बघायचं. जे नवीन आलं तेच आपलं कार्ड, आणि त्याचा आकार पण जुळला पाहिजे. सिस्टीमचे ड्राईव्ह लपवायची एक टिकमार्क असते, ती कधीही काढू नका.

## ६. सेटिंग आधीच भरून घ्या

लिहायला सुरुवात करायच्या आधी इमेजर विचारतो की सेटिंग बदलायचंय का. हो म्हणा. ही पायरी सोडली म्हणून अडकलेले लोक मी सगळ्यात जास्त बघितलेत.

यूजरनेम आणि पासवर्ड इथेच ठरवा. जुन्या लेखांत लिहिलेलं असतं की यूजर पाय आणि पासवर्ड रास्पबेरी. एप्रिल २०२२ पासून ते बंद झालंय, आता तयार यूजर मिळतच नाही. स्क्रीन कीबोर्ड असेल तर पहिल्या वेळी तो विचारतो, पण बिना स्क्रीनचं चालवणार असाल आणि इथे भरलं नाही तर आत शिरायला दारच नसतं.

वायफायचं नाव आणि पासवर्ड. लहान-मोठी अक्षरं, स्पेस सगळं जसंच्या तसं. देश आयएन निवडा, देश नसेल तर वायफाय चालूच होत नाही. झिरो डब्ल्यू, झिरो २ डब्ल्यू आणि जुना पाय ३ बी यांना ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दिसत नाही, फक्त २.४. राउटरवर दोन नावं असतील तर २.४ वालं द्या. आणि कुठल्या लेखात सप्लिकंट नावाची फाईल बनवून कार्डावर टाका असं लिहिलं असेल तर तो लेख जुना आहे, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या बुकवर्म व्हर्जनपासून ती पद्धत चालत नाही. लोक तास न् तास ती फाईल परत परत लिहीत बसतात, त्यांची काही चूक नसते.

टाइमझोन एशिया-कोलकाता आणि कीबोर्ड यूएस करा. कीबोर्ड ब्रिटिश राहिला तर अॅट चं बटण दाबल्यावर अवतरण चिन्ह उमटतं, आणि पासवर्डमध्ये अॅट असेल तर तो कायम चुकत राहतो, कारण पासवर्ड टाइप करताना तो दिसत तर नाहीच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चालवायचं असेल तर सर्व्हिसेसमध्ये एसएसएच चालू करा. होस्टनेम म्हणजे बोर्डाचं नाव पण द्या. आम्ही लॅब१ ते लॅब६ अशी दिली आणि प्रत्येक डबीवर तेच नाव मार्करने लिहिलं, सहा एकसारख्या डब्यांत कुठला कुठला हे शोधत बसावं लागत नाही.

## ७. लिहू द्या, तपासू द्या, मग काढा

राइट दाबलं की दहा-पंधरा मिनिटं जातात, रीडर जुना असेल तर जास्त. लिहून झाल्यावर इमेजर सगळं परत वाचून पडताळतो. तिथे वगळायचं बटण असतं, ते दाबू नका. पडताळणी फेल झाली तर आधी रीडर बदलून, दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावून एकदा बघा, तरी फेल झालं तर कार्ड गेलंय असं समजा.

आता विंडोजवाल्यांसाठी. लिहून झालं की विंडोज एक खिडकी दाखवतं की हा ड्राईव्ह वापरायच्या आधी फॉरमॅट करावा लागेल. कॅन्सल करा. हे येतं कारण दुसरं पार्टिशन ईएक्सटी ४ आहे आणि विंडोजला ते वाचता येत नाही, त्याला वाटतं की बिघडलंय. फॉरमॅट दाबलं की नुकतीच टाकलेली सिस्टीम गेली. तसंच माय कॉम्प्युटरमध्ये ३२ जीबीचं कार्ड एकदम ५०० एमबीचं दिसायला लागतं, घाबरू नका, तो फक्त पहिला भाग दिसतोय. पुढे कधी हेच कार्ड मोबाईलमध्ये वापरायचं झालं तर इमेजरमध्येच इरेजचा पर्याय आहे, त्याने सगळी जागा परत मिळते.

इमेजर वापरायचा नसेल तर बलेना एचर पण चांगला आहे, फक्त त्यात वरची सेटिंग भरता येत नाहीत. लिनक्सवर डीडी कमांड आहेच. ती वापरणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा: आधी एलएसबीएलके कमांडने कार्डाचं नाव बघून घ्या आणि कार्ड अनमाउंट करा, आउटपुटला अख्ख्या कार्डाचं नाव द्या, म्हणजे शेवटी पार्टिशनचा आकडा नको, एसडीबी बरोबर आणि एसडीबी१ चूक, आणि शेवटी सिंक होईपर्यंत कार्ड ओढू नका. दाबलेली फाईल डीडीला तशीच देऊ नका, आधी उघडून घ्या. आणि पाचव्या पायरीत मी जे लिहिलंय ते डीडीला दुप्पट लागू आहे, कारण ती एकदाही विचारत नाही.

## ८. पहिलं बूट

पाय ४ ला कार्डाचा स्लॉट बोर्डाच्या खालच्या बाजूला आहे. कार्डाचे सोनेरी पॉइंट बोर्डाकडे, छापील बाजू बाहेर. दाबल्यावर क्लिक होत नाही, नुसतं सरकून बसतं, क्लिक व्हावं म्हणून जोर लावू नका. दोन एचडीएमआय पोर्टपैकी चार्जरच्या शेजारचा वापरा. आधी स्क्रीन, कीबोर्ड, माउस लावा, टीव्ही चालू करून योग्य इनपुटवर ठेवा, आणि करंट सगळ्यात शेवटी द्या.

पहिल्या वेळी वेळ लागतो. सिस्टीम दुसरं पार्टिशन अख्ख्या कार्डभर पसरवते, स्वतःच रीस्टार्ट होते, मग तुमची सेटिंग लावते. या वेळात स्क्रीन मधेच काळी झाली म्हणून प्लग ओढू नका, हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे. पाच मिनिटं द्या.

बिना स्क्रीनचं असेल तर पाच मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरच्या टर्मिनलमधून एसएसएच करून बघा, यूजरनेम, मग अॅट, मग होस्टनेमला डॉट लोकल जोडून. नाही सापडला तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे बोर्डाचं नाव आणि आयपी दिसेल. कार्ड परत फ्लॅश केल्यावर एसएसएच कधीकधी मोठी धमकीवजा सूचना देतं की समोरच्या मशीनची ओळख बदललीय. बरोबरच आहे, नवीन सिस्टीमची नवीन किल्ली बनलीय. आपल्या कॉम्प्युटरवरची त्या नावाची जुनी नोंद एसएसएच-कीजेनने काढून टाका.

आणि मराठी पाट्या चौकोन-चौकोन दिसत असतील तर लोहित देवनागरी किंवा नोटोचे फॉन्ट टाकून घ्या, सॉफ्टवेअर जोडायच्या मेनूत मिळतात. आमच्याकडे हे पहिल्याच दिवशी लागलं, पोरांनी आपलं नाव टाइप करून बघितलं आणि चौकोन आले.

## ९. चालू होत नसेल तर दिवे बघा

लाल दिवा म्हणजे करंट, हिरवा म्हणजे कार्डाची हालचाल. तो लाल दिवा लागलाय एवढ्यावरून बोर्ड चालू आहे असं धरू नका.

हिरवा अजिबात हलत नाही: कार्ड नीट बसलंय का, फ्लॅश झालंय का ते बघा. पाय ४ ला स्क्रीन जोडलेली असेल तर कार्ड नसताना सुद्धा बूटलोडर स्वतःची माहिती स्क्रीनवर दाखवतो. कार्ड काढून चालू करा: ती माहिती दिसली तर बोर्ड, केबल, स्क्रीन सगळं ठीक आहे आणि दोष कार्डात आहे. ही एक युक्ती मला आधी माहीत असती तर ते दोन दिवस वाचले असते.

हिरवा चार वेळा लुकलुकून थांबतो, परत चार वेळा: फर्मवेअरची फाईल सापडत नाहीये. सात वेळा: कर्नल सापडत नाहीये. दोन्हीचा उपाय एकच, परत फ्लॅश करा.

सप्तरंगी चौकोन येऊन तिथेच अडकतो: फर्मवेअर चालू झालं पण कर्नल चालला नाही. बऱ्याचदा बोर्ड नवा आणि इमेज जुनी असते. ते मॉडेल बाजारात आल्यानंतरची इमेज घ्या.

स्क्रीनवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह: व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलंय. दोष चार्जरइतकाच केबलचा असतो, मोबाईलच्या लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतं. मोबाईलचा मोठा वॅटचा फास्ट चार्जर आहे म्हणून चालेल असंही नाही, त्यातले बरेच ५ व्होल्टला कमीच करंट देतात, त्यांची ताकद ९ व्होल्टला असते आणि पाय ते मागत नाही. कमी व्होल्टेजवर बोर्ड चालू होतो, अधूनमधून रीस्टार्ट होतो, आणि मधल्या मधे कार्डावरचा डेटा बिघडतो, मग लोक कार्डाला दोष देतात. आणि २०१९ मध्ये निघालेल्या पहिल्या पाय ४ बोर्डांत टाइप-सी च्या सर्किटमध्ये चूक होती, काही लॅपटॉपच्या भारी केबलवर ते चालूच होत नाहीत, साधी केबल लावली की होतात.

## १०. लाईट जाते तिथे कार्ड जपायचं कसं

आमच्याकडे लाईट कधीही जाते, आणि कार्डाचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. लिहिणं चालू असताना करंट गेला की फाईल सिस्टीम अर्धवट राहते, नशीब असेल तर पुढच्या वेळी दुरुस्त होते, नसेल तर परत पहिल्यापासून. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून सवय लावा की मेनूतून शटडाउन करायचं, हिरवा दिवा थांबला की मगच बटण बंद. राउटरला लावतात तसला छोटा यूपीएस घेणार असाल तर बघून घ्या, बरेचसे १२ व्होल्टचे असतात, पायला ५ व्होल्ट पूर्ण करंटने देणारा पाहिजे.

जिथे बोर्डावर काही सेव्ह करायचंच नाही, नुसता ब्राउझर किंवा नोटीस बोर्ड दाखवायचाय, तिथे रास्पी-कॉन्फिगमध्ये, म्हणजे पायची सेटिंग बदलायच्या कमांडमध्ये, परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाईल सिस्टीम चालू करा. मग जे लिहिलं जातं ते रॅममध्येच जातं आणि कार्डाला हात लागत नाही, प्लग ओढला तरी चालतं. बंद केल्यावर सगळं पुसतं हे मात्र वापरणाऱ्यांना आधी सांगा. आमच्या सहापैकी दोन बोर्ड असे आहेत आणि त्यांची कार्डं अजून पहिलीच आहेत.

## ११. ऑरेंज पाय, रॉक, बीगलबोन असेल तर

दिसायला सारखे असले तरी पायची इमेज या बोर्डांवर चालत नाही, आणि यांची पायवर. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा बूटलोडर आणि त्यावर काय कुठे जोडलंय याचा नकाशा म्हणजे डिव्हाइस ट्री लागतो. नेमक्या मॉडेलची इमेज घ्या, आर्मबियनच्या साइटवर बोर्डानुसार मिळतात, आणि मॉडेलच्या नावातलं एक अक्षर बदललं तरी इमेज वेगळी असते.

यांच्यात बूटलोडर बहुतेक वेळा फाईल म्हणून नसतोच, तो कार्डाच्या सुरुवातीला पार्टिशनच्या बाहेर ठराविक जागी लिहिलेला असतो. ऑलविनरच्या चिपसाठी ८ केबीवर, रॉकचिपसाठी ३२ केबीवर. म्हणून एका कार्डावरून दुसऱ्यावर सगळ्या फाईली कॉपी केल्या तरी ते बूट होत नाही, आणि फाईल मॅनेजरमध्ये कितीही शोधलं तरी काय राहिलं ते दिसत नाही. अख्खी इमेजच उतरवावी लागते. बीगलबोन ब्लॅकमध्ये आतच स्टोरेज असतं आणि तो आधी तिथून बूट होतो, कार्डावरून करायचं असेल तर कार्ड स्लॉटजवळचं बटण दाबून धरून करंट द्यायचा.

## १२. एक कार्ड नीट झालं की त्याची इमेज काढा

सहा कार्डं सहा वेळा सेट करू नका. एकावर फॉन्ट, सॉफ्टवेअर, मुलांचे फोल्डर सगळं नीट बसवा, बंद करा, आणि कार्ड कॉम्प्युटरला लावून त्याची उलट इमेज बनवा, विंडोजवर विन३२ डिस्क इमेजरमध्ये रीड दाबून, लिनक्सवर डीडीची इनपुट आउटपुट अदलाबदल करून. इथे एक अडचण हमखास येते: दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं अगदी सारख्या आकाराची नसतात, थोड्या एमबीचा फरक असतो, आणि मोठ्यावरची इमेज छोट्यावर मावत नाही. लिनक्सवर पायश्रिंक नावाची स्क्रिप्ट इमेजमधली रिकामी जागा कापून ती छोटी करते, आणि नवीन कार्डावर पहिल्या बूटला ती परत पसरते.

या इमेजवरून बनवलेली सगळी कार्डं एकाच नावाने उठतात, त्यामुळे एकेक बोर्ड चालू करून रास्पी-कॉन्फिगमधून होस्टनेम बदलत जा, सगळे एकदम लावू नका, नाहीतर नेटवर्कवर कुठला लॅब१ तेच कळत नाही. आणि एक कार्ड जास्तीचं तयार करून, तारीख लिहून कपाटात ठेवा. मागच्या पावसाळ्यात ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅब४ चं कार्ड गेलं, बाईंनी कपाटातलं कार्ड काढून घातलं आणि तास वेळेवर सुरू झाला, मला फोन सुद्धा आला नाही.